अबरारचं न दाबलेलं बटण

अबरारला आज कुणी पाहिलं तर म्हणेल, काय हा माणूस! बोलत नाही, हसत नाही, न्हावा शेव्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरसमोर बसतो आणि संध्याकाळी मान खाली घालून घरी येतो. घुम्या आहे म्हणतात. असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अरे, तुम्ही त्याला आधी पाहिलाय का? मी पाहिलाय. टपाल नाक्याजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याचं सायबर कॅफे, मधे नुसती प्लायवूडची भिंत. दिवसभर त्याच्या तोंडाची टकळी चालू. मी ओरडायची, "अबरार, मेल्या, जरा गप बस, माझे कागद चुकतायत!" की तिकडून उत्तर, "वसुंधराताई, चहा सांगतो, बिस्किटं तुम्ही आणा."

असा होता तो. त्याचं काय झालं ते मला माहीत आहे.

त्याचे वडील इक्बालभाई ओमानमध्ये, सलाला म्हणून गाव आहे तिथे, एका बेकरीत भट्टीवर होते. अबरार रांगत होता तेव्हा गेले, ते गेलेच. दोन-तीन वर्षांनी एकदा यायचे, अत्तर, ब्लँकेट, टँगचे डबे घेऊन, आणि घरातल्यांना त्यांची सवय होईतो परत निघायचे. त्याची आई, आमच्या ताहिराभाभी, इथे मोहल्ल्यात एकट्या. फोन करायचा म्हणजे तेव्हा थट्टा नव्हती. पत्र लिहायला बसलं की भाभींचे शब्द आटायचे. म्हणून त्यांच्याकडे कॅसेटची पद्धत होती. टेपरेकॉर्डरसमोर बसायचं, लाल बटण दाबायचं आणि बोलत सुटायचं. पाणी आलं नाही, अबरारला गोवर आला, नणंदेने टोमणा मारला, सगळं. कॅसेट भरली की सलालाला जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत टाकायची. तिकडे इक्बालभाई रात्री भट्टीशेजारी बसून ऐकायचे आणि उलट कॅसेटमध्ये एकेका गोष्टीला उत्तर द्यायचे. भाभींचं एक वाक्य वाया जायचं नाही.

कॅसेट भरताना घरात एक कायदा होता. भाभींनी तळहात वर केला की सगळे चिडीचूप. कुकर बंद, पंखा बंद, शेजारीण आली तर दारातच उभी. अबरार लहानपणी श्वाससुद्धा बेताने घ्यायचा म्हणे. एकदा शिंक आवरेना तेव्हा उशीत तोंड खुपसून बसला होता. हे तो मला खो खो हसत सांगायचा.

पुढे फोन स्वस्त झाले आणि कॅसेट मागे पडल्या. अबरारने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, कॅफे टाकलं. नव्या मशीनची ऐपत नव्हती. परदेशातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेली मशीनं कंटेनरमधून न्हावा शेव्याला उतरायची आणि कळंबोलीच्या गोदामात ढिगाने विकली जायची. त्यातला एक लॉट याने उचलला. त्यावर जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली फुकटची सिस्टीम टाकली. झकास चालली. मेल जायची, फॉर्म भरले जायचे. पण व्हिडिओ कॉल लावला की पाच-सात मिनिटांत चित्र जागच्या जागी थिजायचं. आवाज बंद, सगळं ठप्प.

आता मला सांगा, आमच्या त्या गल्लीत सायबर कॅफेत कोण येणार? मोहल्ल्यातल्या बायका. कुणाचा नवरा कुवेतला, कुणाचा दुबईला. त्यांना मेल घेऊन काय करायचंय? तोंड बघायचं असतं. आणि नवऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, बाई बिचारी हॅलो हॅलो करत बसायची. एकेक जण दुसऱ्या कॅफेत जायला लागली.

अबरार त्या मशीनच्या मागेच लागला. जेवण नाही, खाणं नाही. नेटवर्क कार्ड बिघडलंय म्हणावं तर सगळ्या मशीनमधली सगळी कार्डं कशी बिघडतील? शेवटी तो ड्रायव्हर उघडून बसला. ड्रायव्हर म्हणजे सिस्टीमच्या आत लिहिलेला मजकूर असतो, अमुक कार्डाशी कसं वागायचं ते सिस्टीमला सांगणारा. एवढं मला त्यानेच शिकवलं. एके दिवशी भिंतीवर धाडधाड बुक्के मारायला लागला. "वसुंधराताई, सापडला! सापडला!"

"कोण? चोर?" मी म्हटलं.

"चोरच!" नाचत नाचत आला. भानगड अशी होती की त्या कंपनीने मधेच कार्डावरची चिप बदलली होती, पण वरचं नाव आणि आतला ओळख नंबर तोच ठेवला होता. ड्रायव्हरला वाटायचं हे जुनंच कार्ड. जुन्याला जेवढं पेलायचं तेवढं तो नव्याच्या गळ्यात ओतायचा. जुळ्या मुलांपैकी एकाला भांडंभर दूध पचतं, दुसऱ्याला वाटीभरसुद्धा जड जातं, आणि आई दोघांना भांडंभरच पाजते, तसं. मेल म्हणजे घोटभर, ती पचायची. व्हिडिओ आला की कार्ड आडवं. अबरारने ड्रायव्हरमध्ये चार ओळी घातल्या, हे नवं कार्ड वेगळं ओळख आणि याला बेताने दे, अशा. त्या दिवसापासून कॅफेत कॉल कसे धो धो चालले! बायका परत आल्या. मी गल्लीला पेढे वाटायला लावले त्याला.

इथवर सगळं छान. पुढे त्याची अक्कल कुठे चरायला गेली कोण जाणे. ती सिस्टीम चालवणाऱ्या लोकांना त्याने आपली दुरुस्ती पाठवली. म्हणजे ती सगळ्यांच्याच सिस्टीममध्ये कायमची गेली असती. तिकडून कुणीतरी सभ्यपणे लिहिलं, की तुमचं म्हणणं बरोबर दिसतंय, पण आमच्याकडे असलं कार्ड नाही, तुमच्या बदलाने जुनी कार्डं तर बंद पडत नाहीत ना ते तपासा आणि आमच्या पद्धतीने पुन्हा पाठवा. झालं! साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी काय त्यांच्या पगारावर आहे? चोर पकडून दिला, आता पंचनामाही मीच करू?"

मी म्हटलं, "अरे बाबा, सांगतायत तसं लिहून दे, तुझं काय जातंय?"

"जाऊ दे ताई. माझी मशीनं चालतायत ना!"

चालत होती, पण कशी? सिस्टीमची नवी आवृत्ती आली की ती आपला जुना ड्रायव्हर घेऊन यायची आणि अबरारच्या चार ओळी गायब व्हायच्या. मग त्याने प्रत्येक मशीनमध्ये आपला ड्रायव्हर हाताने पुन्हा बसवायचा. तो न चुकता बसवायचा. नवी आवृत्ती टाकली की आधी ते, मग चहा.

मग दोन हजार नऊच्या थंडीत सलालाहून फोन आला. इक्बालभाईंना हार्टअटॅक. हॉस्पिटलात होते, बोलत होते, पण हृदय अगदी नावापुरतं चाललेलं. डॉक्टर विमानात बसू देईनात. भाभींचा पासपोर्टच नव्हता, कधी काढलाच नाही, कशाला लागणार होता त्यांना? अबरारने अर्ज केला, व्हिसाची वाट बघत होता. भाभींनी रडारड केली नाही. एवढंच म्हणाल्या, "एकदा बघू दे रे मला त्यांना. बाकी मी काही मागत नाही."

अबरारचा चुलतभाऊ मोहसीन सलालातच नोकरीला होता. त्याने नर्सच्या हातापाया पडून परवानगी मिळवली, संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत लॅपटॉप खाटेशी न्यायची. तोपर्यंत भाभी कॅफेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. पोरांच्या गर्दीत कसं बसायचं म्हणायच्या, आणि इक्बालभाई म्हणायचे, ईदेला येतोच आहे, समोरच बघ.

त्या दिवशी अबरारने कॅफे बंद ठेवलं. काचा पुसल्या, खुर्चीला उशी लावली, कॅमेरा चारदा हलवून बघितला. पाहुणे येणार म्हणून आपण घर धुऊन काढतो ना, तसं त्याने एकूण एक मशीनमध्ये नवी आवृत्ती टाकली. सगळं स्वच्छ, नवं असावं म्हणून. मोहसीनला मिनिटभर कॉल लावून बघितला, चित्र लख्ख आलं. आणि आपला ड्रायव्हर बसवायचा विसरला. जन्मात एकदा विसरला, तो त्या दिवशी.

मी दुकानाला शटर लावून तिथे गेले होते. भाभी इस्त्रीची ओढणी घेऊन बसलेल्या, सुरमासुद्धा घातला होता. चित्र आलं. इक्बालभाई उशांना टेकून बसलेले, गालफडं बसलेली, पण डोक्याला टोपी आणि तोंडात दात. कवळी मुद्दाम मागून घेतली होती म्हणे, भाभी बघणार म्हणून. दोघं कितीतरी मिनिटं नुसती बघत राहिली. मग ते म्हणाले, "ताहिरा, चष्मा बदललास?"

"बदलला. चांगला नाही दिसत?"

"दिसतो की."

एवढंच. नवराबायको आयुष्यभर एकमेकांना सांगण्यासारखं साठवतात आणि बोलतात ते चष्म्याबद्दल. मग त्यांनी टोपी नीट करायला हात उचलला, आणि हात तिथेच राहिला. चित्र थिजलं.

मला आधी कळलंच नाही. अबरारला तत्क्षणी कळलं. त्याचा चेहरा असा पांढराफटक पडला की मी घाबरले. तो मशीनच्या बटणाकडे वाकला. तेवढ्यात भाभींनी, पडद्यावरची नजर न काढता, तळहात वर केला.

तो थांबला. जागच्या जागी, हात पुढे केलेला.

आणि भाभी बोलायला लागल्या. आयुष्यात एवढ्या बोलल्या नसतील. छपराची कौलं, अबरारसाठी बघितलेली मुलगी, लग्नानंतर गव्हाणच्या मावशीकडे गेले होते तेव्हा वाटेत चप्पल तुटली ते. तुमच्यावर एकदा रागावून कॅसेट मुद्दाम रिकामी पाठवली होती, ती हरवली नव्हती, मी खोटं बोलले, माफ करा. काय काय बोलल्या! समोर ते तोंड अर्धवट उघडं, हात टोपीकडे. अबरारच्या खिशात मोबाइल थरथरत होता. मोहसीनच असणार, दुसरं कोण? पण उचलला असता तर आईला कळलं असतं. मी त्याच्याकडे बघत होते, तो आईकडे बघत होता, आणि घड्याळ चाललं होतं.

भाभींचं बोलून झालं, त्यांनी हात खाली घेतला. तिकडे भेटीची वेळ केव्हाच संपली होती.

"ऐकतील ना ते?" त्यांनी विचारलं.

"हो अम्मा. ऐकलं त्यांनी."

भाभींना रिक्षात बसवून आला आणि माझ्या स्टुलावर मटकन बसला. म्हणाला, "ताई, पाच मिनिटांचं काम होतं. मशीन बंद करून चालू करायचं, सुरू होताना जुनी आवृत्ती निवडायची. तिच्यात माझा ड्रायव्हर होता."

"मग केलं का नाहीस, मुडद्या!" मी ओरडलेच.

"तिला वाटत होतं अब्बा ऐकतायत. तिच्या डोळ्यांसमोरून त्यांचा चेहरा मी कसा काढू? आणि तिने हात वर केला ना, ताई. तो हात वर झाला की मला हलताच येत नाही."

मग मोहसीनचा फोन त्याने घेतला. तिकडे लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. इक्बालभाई त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. मोहसीन बंद करायला लागला की म्हणायचे, थांब रे, येत्येय ती. दात काढून ठेवायला तयार नव्हते. नर्सने शेवटी बाहेर काढलं मोहसीनला.

त्या रात्रीच अबरारने सगळ्या मशीनमध्ये आपला ड्रायव्हर घातला. उद्याच्या भेटीला सगळं सज्ज होतं. सकाळी फोन आला, इक्बालभाई पहाटे गेले. तिकडेच दफन झालं. मुखदर्शनसुद्धा नाही.

भाभींनी दुःख केलं, पण का कोण जाणे, त्या शांत होत्या. शेजारणींना सांगायच्या, माझं सगळं बोलून झालं होतं त्यांच्याशी. अबरार ते ऐकून दारामागे जाऊन उभा राहायचा. मी त्याला म्हणायची, असू दे, तिला समाधान आहे ना, तू कशाला जाळून घेतोस?

त्यानंतर त्याने तो ड्रायव्हर पुन्हा हातात घेतला. आता राग गेला होता, ऐट गेली होती. कळंबोलीच्या भंगारात हात काळे करून जुनी कार्डं शोधली, एकेक लावून तपासली. तिकडची माणसं म्हणाली हे दोन भागांत द्या, दिले. म्हणाली शीर्षक नीट लिहा, लिहिलं. पाठवायचं, महिनोन् महिने वाट बघायची, पुन्हा पाठवायचं. कॅफे ओस पडलं, लोकांच्या हातात मोबाइल आले, त्याचं लक्ष नव्हतं. बघितलेल्या मुलीकडचे कंटाळून दुसरीकडे गेले, तेही त्याला कुणी सांगितलं तेव्हा कळलं. "कुठेतरी कुणाचातरी बाप असेल ताई," म्हणायचा. अरे, कुठला बाप? ती कार्डं जगात उरली होती कुणाकडे? सगळी भंगारात! मला इतका संताप यायचा, आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं की रडू यायचं.

शेवटी दोन हजार बाराला घेतली त्यांनी ती दुरुस्ती. सगळ्यांच्या सिस्टीममध्ये कायमची गेली, त्याच्या नावासकट. त्या दिवशी भाभी सांदणं घेऊन कॅफेत आल्या होत्या, मला हाक मारली. अबरारने आईला सांगितलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू होतं. "अम्मा, आता हे चित्र कुणाचं थांबणार नाही."

भाभींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "अल्लाह खुश ठेवो. त्या दिवशी थांबलं होतं ना तसं."

अबरारचं हसू तिथेच राहिलं. "तुला... तुला दिसलं होतं?"

"दिसणार नाही? आंधळी आहे का मी? चष्म्याचं बोलले आणि थांबले. डोळा लवेना, हात हलेना. म्हटलं, लाइन गेली, जाऊ दे, आपण भरून ठेवू. म्हणून तर तुला हात केला. तू पण शहाण्यासारखा चूप राहिलास." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लहानपणापासून सवय आहे त्याला. मी भरत असले की हूं की चूं करायचा नाही."

प्लायवूडला हात टेकून उभी राहिले. म्हणजे त्या बाईला सगळं दिसत होतं. समोरचा चेहरा थांबलेला आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. हा मुलगा एक शब्द बोलला असता, अम्मा, अडकलंय, परत चालू करतो, तर ती म्हणाली असती, कर की. पाच मिनिटं! तिकडे तो माणूस दात घालून वाट बघत बसला होता! हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि अबरारलाही कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तसं बघणं पुन्हा कुणाच्या वाट्याला न येवो.

"रात्री ऐकवलं असेल ना मोहसीनने त्यांना?" भाभी विचारत होत्या. "पहाटे गेले. त्याआधी पोचलं असेल ना सगळं?"

"हो अम्मा," अबरार म्हणाला.

"मग मला एकदा ऐकव ना ते. मी काय काय बोलले, आठवत नाही आता. तुझ्याकडे असेल की मशीनमध्ये."

मशीनमध्ये काय असणार? भरायचं बटण त्या दिवशी कुणी दाबलंच नव्हतं. तो म्हणाला, "शोधावं लागेल."

"शोध. घाई नाही."

महिन्याभरात त्याने कॅफे बंद केलं. मशीनं ज्या कळंबोलीतून आणली होती तिथेच परत गेली. तेव्हापासून तो हा असा आहे, ज्याला लोक घुम्या म्हणतात. म्हणू देत. मी चिडते, भांडते, पण त्यांना सांगणार काय? सांगण्यासारखं आहे का हे? आणि भाभींना तरी कुणी कुठल्या तोंडाने सांगायचं? दर जुम्म्याला नमाजहून तो आला की त्या विचारतात, सापडलं का रे? तो म्हणतो, शोधतोय अम्मा.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. भाभी आता थकल्यात, ऐकूही कमी येतं. त्यांनी कपाटातून जुना टेपरेकॉर्डर काढून घेतला होता, स्वच्छ पुसून, नवे सेल घालून उशाशी ठेवला होता. मला म्हणाल्या, "अबरारला सापडलं की यावरच ऐकू. तुम्ही पण या त्या दिवशी." अबरार पाणी आणतो म्हणून आत गेला. आम्ही दोघी बराच वेळ बसलो, पण तो पाणी घेऊन बाहेर आला नाही.